केराचा धनी : वणी तालुक्यांतील राजूरच्या निमित्तानें

राजूर या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. जालन्याकडील गणपतीचें राजूर यात्रेकरूंस परिचित आहे, अकोले तालुक्यांतील राजूर सह्याद्री चढणारांस. प्रस्तुत लेखांत अभिप्रेत आहे तें यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यांतील राजूर होय. हा मुलूख वऱ्हाडचा आग्नेय कोपरा. इंग्रजी दप्तरांत १९०५ पर्यंत या सबंध जिल्ह्यास वणीच्या नांवावरून ‘वून’ म्हणत. राजुराच्या भूमींत कोळसाही आहे व चुनखडीही आहे. त्यामुळें कुणबिकीच्या गांवाशेजारीं खाणीची वसाहत व चुनाभट्ट्या उभ्या राहिल्या आणि वस्ती तीन अंगांची झाली. १९७३ सालीं कोळशाच्या खाणींचें राष्ट्रीयीकरण झालें, १९७५ सालीं वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी निघाली. जनगणनेच्या अधिकाऱ्यांनीं राजुरास ‘जनगणना-शहर’ ठरविलें. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहिला.

हा शेवटचा तपशील क्षुल्लक वाटेल, परंतु आमच्या विषयाचा सर्व गुंता त्यांतच आहे. अशा गांवांत केर निघावयाचा तो शहराच्या मापानें, आणि तो उचलण्यास साधनें मिळावयाचीं तीं खेड्याच्या मापानें. २०१६ सालीं केंद्र सरकारनें घनकचऱ्याविषयीं जे नियम केले त्यांत नगरपालिकांच्या जोडीस जनगणना-शहरेंही नांव घेऊन घातलीं. ओला, सुका व घातक असे केराचे तीन भाग घरच्या घरींच निराळे व्हावे असें ठरविलें. आज्ञा झाली, परंतु ती पाळावयाची कोणीं, आणि निराळा केलेला केर घ्यावयाचा कोणीं? पंचायतीनें, महिलांच्या बचतगटांनीं, भजनी मंडळांनीं कीं खाणीच्या कंपनीनें? या प्रश्नाचा विचार आमच्या देशांत पूर्वीं झाला होता काय, झाला असल्यास कोणत्या तत्त्वावर झाला होता, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. पोथ्या व रुमाल जमविणाऱ्या वाचकांनीं या विषयास नाक मुरडूं नये. आपल्या संग्रहांतील किती कागद वाण्याच्या पुड्यांतून आणि भांडारांच्या अडगळींतून उचललेले आहेत हें ज्याचें त्यास ठाऊक आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. अमरसिंहानें झाडणीस ‘संमार्जनी’ व ‘शोधनी’ अशीं दोन नांवें दिलीं आहेत आणि झाडून निघालेल्या वस्तूस ‘संकर’ व ‘अवकर’ अशीं दोन दिलीं आहेत. दोहोंच्या मुळाशीं ‘कॄ’ म्हणजे विखुरणें हा धातु आहे. ‘संकर’ या शब्दाचा दुसरा व अधिक प्रसिद्ध अर्थ ‘मिश्रण’ असा आहे. जें मिसळलें तोच केर, हा अर्थ कोशकाराच्या मनांत असो वा नसो, शब्दाच्या पोटांत तो आहे. २०१६ च्या नियमकर्त्यांस तीन टोपल्या ठेवून जें सांगावयाचें होतें तें या एका शब्दांत येऊन जातें.

याच कुळांतील तिसरा शब्द ‘उत्कर’. श्रौत यज्ञांत वेदी खणतांना निघालेली माती व वेदीवर झाडलेली धूळ, काडी हीं वेदीच्या उत्तरेस एका ठरलेल्या जागीं टाकावयाचीं असतात. त्या ढिगास उत्कर म्हणतात. त्याची जागा इतकी निश्चित कीं पशुयागांत व सोमयागांत ऋत्विजांची जाण्यायेण्याची वाट चात्वाल आणि उत्कर यांच्या मधून नेमलेली आहे. या उत्करापासूनच प्राकृत ‘उक्कुरुड’ व मराठी ‘उकिरडा’ हे शब्द आले. ज्या शब्दास आज आपण शिवी म्हणून वापरतों तो एके काळीं यज्ञभूमीच्या आंखणींतील एक खूण होता.

धर्मशास्त्र व अर्थशास्त्र या दोहोंतही केराविषयीं दंड सांगितले आहेत. कौटिल्यानें रस्त्यावर माती-केर टाकणारास पणाचा अष्टमांश, चिखलपाण्यानें रस्ता अडविणारास चतुर्थांश आणि तेंच राजमार्गावर केल्यास दुप्पट दंड सांगितला आहे. मनूचें सांगणें थोडें निराळें आहे. आपत्ति नसतां राजमार्गावर घाण टाकणारानें दोन कार्षापण द्यावे आणि शिवाय ती घाण स्वतः काढावी; रोगी, वृद्ध, गर्भिणी आणि बालक यांस मात्र दंड नाहीं, त्यांस समज द्यावी व जागा स्वच्छ करवून घ्यावी. येथें दंडापेक्षां स्वतः काढण्याची अट आम्हांस महत्त्वाची वाटते. पैसा भरून केराची मालकी सुटत नाहीं, असें स्मृतिकाराचें मत दिसतें. या ग्रंथांतील आज्ञा कितपत अंमलांत होत्या हा प्रश्न वेगळा. स्मृति म्हणजे रोजकीर्द नव्हे.

मराठी साधनांत या विषयावरील सर्वांत स्वच्छ लेख ‘आज्ञापत्र’ या ग्रंथांत आहे. कोल्हापूरच्या गादीचे अमात्य रामचंद्रपंत यांच्या नांवावर असलेला, इ. स. १७१६ च्या सुमाराचा हा ग्रंथ राजनीतीचा म्हणून सर्वांनीं वाचलेला असतो. दुर्गांच्या प्रकरणांतील केराची आज्ञा मात्र वाचक ओलांडून जातात. तींत चार गोष्टी आहेत. गडावरील वाटा, बाजार आणि तट यांवर केरकसपट पडूं द्यावयाचें नाहीं. झाडलेला केर गडाखालीं टाकावयाचा नाहीं. तो जागच्या जागीं जाळावयाचा. आणि जी राख होईल ती परसांत घालून घरोघर भाजीपाला करावयाचा.

यांतील दुसरी आज्ञा वाचून आम्ही दर वेळीं थांबतों. गडावर राहणारास केराचा निकाल लावणें अगदीं सोपें असतें. कडा हाताशीं आहे. टोपली उपडी केली कीं काम झालें. खालीं घेरा आहे, झाडी आहे, पायथ्याचीं गांवें आहेत, पण वरच्यास तीं दिसत नाहींत. हाच सोपा मार्ग अमात्यांनीं बंद केला. केर जेथें निघाला तेथेंच त्याचा शेवट व्हावा आणि त्याचा लाभही तेथेंच मिळावा, असें हें सूत्र आहे. पुढील काळांतील मोठ्या शहरांनीं नेमकें उलट केलें. मुंबईनें १९२७ पासून आपला केर देवनारच्या खाजणांत नेऊन टाकला. २०१६ च्या जानेवारींत त्या डोंगरास आग लागून धुरानें शहर कोंडलें. पुण्याचा केर उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत पडूं लागला, तेथील विहिरींचें पाणी नासलें आणि ग्रामस्थांस पुनःपुन्हां गाड्या अडवाव्या लागल्या. गड आणि गडाखालचें गांव हा भेद तीनशें वर्षांत मिटला नाहीं, रुंद मात्र झाला.

आज्ञापत्रांतील तिसरी व चौथी आज्ञा मात्र आज जशीच्या तशी घेतां येत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तेव्हांचा केर म्हणजे पालापाचोळा, गवत, शेण, लांकडाचे तुकडे. आजच्या केरांत प्लॅस्टिक आहे. तें उघड्यावर जाळलें असतां विषारी धूर होतो. राष्ट्रीय हरित लवादानें डिसेंबर २०१६ मध्यें उघड्यावर केर जाळणारास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणारास २५,००० रुपये भरपाई ठरविली. कौटिल्याचा अष्टमांश पण येथें फार वाढला. राखेचीही तीच गोष्ट. लांकडाची व गोवरीची राख वाफ्यांत घालण्यासारखी असते. दगडी कोळशाची राख निराळी, तींत जड धातूंचा अंश असतो, ती भाजीच्या वाफ्यांत घालूं नये. राजूरसारख्या खाणीच्या गांवीं, जेथें शेगडींत कोळसा जळत आला, तेथें हा भेद विसरून चालणार नाहीं. ती राख भरावास व विटांस उपयोगी पडते. तिचा ढीग उकिरड्यापासून निराळा असावा.

आतां गडावरून गांवांत येऊं. मराठी गांवाचे ‘काळी’ व ‘पांढरी’ असे दोन भाग कागदोपत्रीं पदोपदीं आढळतात. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुन्या वस्तीची जमीन पांढरट दिसते याचें कारण तींत शतकानुशतकांची राख, शेणमाती व पडक्या भिंती मुरलेल्या असतात. उजाड गांवठाणाची ही पांढरी माती शेतकरी गाड्या भरभरून खत म्हणून नेतात, आणि त्या पायीं कित्येक प्राचीन टेकाडें पोखरलीं गेलीं आहेत, ही पुराणवस्तुसंशोधकांची जुनी तक्रार आहे. तक्रार खरी आहे. तरी शेतकऱ्याची बाजूही समजून घ्यावी. पूर्वजांच्या केराचा तो वारस आहे असें तो समजतो. ज्यास कोणी वारस नव्हता तें खापर मागें राहिलें, आणि आमचा कालक्रम आम्ही त्या खापरांवरून लावतों.

गांवांतील उकिरडा हा सार्वजनिक नव्हता. प्रत्येक कुणब्याचा उकिरडा त्याचा स्वतःचा. गोठ्यांतील शेण, खाऊन उरलेला कडबा, घरची राख हें सर्व तेथें पडे आणि वर्षाकाठीं मृगाच्या आधीं गाडींत भरून शेतांत जाई. शेजाऱ्यानें त्यांतील पाटी उचलली तर भांडण होई. ज्या वस्तूवरून भांडण होतें ती वस्तु केर नव्हे, हें उघड आहे. या व्यवस्थेंत दोष पुष्कळ होते: शेणाचा मोठा वांटा गोवऱ्यांत जळून जाई, उघड्या ढिगाचें सत्त्व उन्हांत आणि पावसांत नासे, माशा होत. पण ढिगाला धनी होता.

येथवरचें चित्र रमणीय वाटेल, म्हणून त्याची दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणें मांडणें अवश्य आहे. कुणब्यास ज्या केराचा लाभ होता तो कुणबी ठेवी; ज्यांत लाभ नव्हता, किंवा ज्यास हात लावणें त्यास नको होतें, तो केर दुसऱ्याच्या माथीं जातीनें बांधला होता. मेलेलें ढोर ओढणें, चावडी झाडणें हें महार वतनदाराचें काम. शहरांत मैला वाहणें हें हलालखोराचें. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथांत अलुत्या-बलुत्यांच्या या कामांची जी हकीकत आहे ती वाचतांना, गांव स्वच्छ ठेवण्याची किंमत कोणीं दिली, हें लपत नाहीं. १९२७ च्या महाड परिषदेनंतर मृत ढोरें ओढण्यास नकार देण्याची चळवळ गांवोगांव पसरली. १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबई कायदेमंडळांत वतन-कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक आणलें, आणि कनिष्ठ ग्रामवतनें रद्द करणारा कायदा १९५८ सालीं झाला. हातानें मैला उचलण्यास बंदी करणारा कडक कायदा तर २०१३ चा आहे. ज्यांस जुन्या ग्रामव्यवस्थेचें पुनरुज्जीवन करावेंसें वाटतें त्यांनीं हीं सालें जवळ ठेवावींत. धनीपण आणि वेठ या दोन गोष्टी त्या व्यवस्थेंत एकत्र विणलेल्या होत्या. आजच्या स्थानिक संस्थांस त्यांतील पहिली घ्यावयाची आहे आणि दुसरी समूळ काढावयाची आहे. हें काम सोपें नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत पुण्यास झालेला एक प्रयोग या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. पुणें नगरपालिकेनें मैला व शहरचा केर यांचें ‘सोनखत’ करून विकण्यास सुरुवात केली. प्रथम कोणी शेतकरी त्यास शिवेना. परंतु खडकवासल्याच्या कालव्याखालीं उंसाची लागवड वाढली, आणि ज्यांनीं धाडस करून सोनखत घातलें त्यांचा ऊंस शेजाऱ्यांनीं पाहिला. मग विटाळाची भावना मागें पडली आणि मागणी पुरवठ्याच्या पुढें गेली. नांव बदलल्यानें किती काम होतें, हेंही यांत दिसतें. मैल्यास ‘सोनें’ म्हणणाऱ्या त्या अज्ञात मनुष्यास आम्ही कवि समजतों. पण त्या सोन्याची टोपली डोक्यावर वाहणारे हात तेच राहिले.

खताच्या शास्त्रास पुढें इंदूर येथें वळण लागलें. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं तेथील संस्थेंत १९२४ पासून काम करून जी रीति बसविली ती ‘इंदूर पद्धति’ म्हणून जगभर गेली. १९३१ सालीं त्यांनीं लिहिलेल्या ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचें नांव आहे. हॉवर्डच्या कीर्तींत तें नांव झांकून गेलें. या पद्धतींत काडीकचरा, शेण, माती व राख यांचे थर देऊन ते ठराविक दिवसांनीं उलथावे लागतात. मजूर व शेण दोन्ही बरेंच लागे. ज्याच्या दावणीला एकच बैल त्यास तें परवडणारें नव्हतें.

ही अडचण ज्यानें सोडविली तो मनुष्य याच जिल्ह्याचा, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिमेस पुसद आहे. तेथील गांधीमार्गी कार्यकर्ते ना. दे. पांढरीपांडे यांनीं खताची जी टांकी बसविली ती त्यांच्या नांवाच्या अक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. लोक त्यांस ‘नाडेप काका’ म्हणत. टांकी विटांची, आंतून सुमारें १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच. भिंतींत जागोजाग भोंकें ठेवलेलीं असतात. तळाशीं व बाजूंस शेणकाला शिंपडून काडीकचऱ्याचा थर द्यावयाचा, त्यावर पाण्यांत कालवलेलें शेण शिंपावयाचें, त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर. असे थर चढवीत टांकी कांठाच्याही वर भरावयाची आणि शेणमातीनें लिंपून टाकावयाची. एका भरणीस १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा आणि १,७५० किलोंच्या सुमारास माती लागते. शेण मात्र ९० ते १०० किलो पुरतें. भोंकांतून हवा खेळत असल्यामुळें उलथापालथ करावी लागत नाहीं. भेगा पडल्या तर पुन्हां लिंपावें, ओल सुकूं देऊं नये. ९० ते १२० दिवसांत खत तयार होतें.

हें सर्व वर्णन एखाद्या कृषिखात्याच्या पत्रकांत शोभलें असतें असें कोणी म्हणेल. आमचा हेतु असा कीं, या टांकींत जुना उकिरडा पुन्हां प्रकट झाला आहे हें दाखवावें. तिला जागा ठरलेली आहे, हद्द आहे, धनी आहे. शिवाय तींत एक अट आहे जी जुन्या उकिरड्यास नव्हती: माती चाळून घ्यावयाची, कांच, खडा, प्लॅस्टिक तिच्यांत येतां कामा नये. म्हणजे निवड आधीं करावी लागते आणि ती चुकली तर शिक्षा दुसऱ्यास होत नाहीं, आपल्याच खतास होते. मनूची ‘स्वतः काढावी’ ही अट येथें कोणी न सांगतां पाळली जाते.

साधन मिळालें तरी तें चालविणारी मंडळी लागते. या बाबतींत वऱ्हाड-वर्धा हा प्रांत भाग्यवान आहे. गाडगेमहाराज (१८७६–१९५६) यांचा जन्म अमरावती जिल्ह्यांतील. गांवांत शिरतांच हातांत खराटा घ्यावयाचा, दिवसभर गांव झाडावयाचें आणि रात्रीं त्याच गांवांत कीर्तन करावयाचें हा त्यांचा क्रम महाराष्ट्रानें पाहिला. गांधीजी मगनवाडींत राहात असतां १९३५ सालीं त्यांचे सहकारी व ते स्वतः शेजारच्या सिंदी गांवीं सफाईस जात. विनोबा १९४६ पासून कित्येक महिने पवनारहून सुरगांवास खांद्यावर फावडें घेऊन रोज जात. मळमूत्र व केर यांचा सांगाडा उभा असलेल्या गांवांत एकट्यानें काम करीत. ज्या पवनारास १९६७ च्या उत्खननांत वाकाटककालीन थर सांपडले त्याच पवनारची ही हकीकत, म्हणून संशोधकांनीं ती ध्यानांत ठेवावी. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनीं (१९०९–१९६८) ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धीस स्थान दिलें, आणि त्यांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा वऱ्हाडांत खेडोपाडीं पोंचल्या. प्रार्थनेच्या जोडीस सफाई हा त्या मंडळांचा नेम.

या सर्वांविषयीं पूर्ण आदर ठेवून एक शंका नोंदवितों. संत खराटा घेतो तेव्हां गांव लाजतें व चार दिवस झाडतें. पांचव्या दिवशीं काय? राज्य सरकारनें २००० सालीं, रा. रा. पाटील ग्रामविकासमंत्री असतां, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलें व गांवांत बक्षिसाची स्पर्धा लाविली. कित्येक गांवें खरोखर पालटलीं. कित्येकांत तपासणी-पथकाची गाडी गेल्यावर उकिरडा परत जागेवर आला. जेथें झाडलेल्या केराचें पुढें काय करावयाचें हें ठरलेलें होतें तेथें काम टिकलें, असा आमचा अनुभव आहे. खराटा अर्धेंच काम करतो.

उरलेलें अर्धें काम कसें व्हावें याचें सर्वांत बोधक उदाहरण पुन्हां पुण्याचें आहे, आणि तें नगरपालिकेनें नव्हे तर केर वेंचणाऱ्या बायांनीं घालून दिलें. १९९३ सालीं डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानें ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. या नांवाकडे वाचकांनीं अमरकोश हातीं घेऊन पाहावें. शहर ज्यास एका शब्दांत ‘कचरा’ म्हणतें त्यास या बाया तीन शब्दांत कागद, कांच आणि पत्रा म्हणतात. संकराचें पृथक्करण नांवांतच झालें. पुढें महानगरपालिकेनें त्यांच्या ओळखपत्रांवर शिक्का दिला. त्यांच्याच सहकारी संस्थेशीं, ‘स्वच्छ’शीं, २००८ सालीं करार केला. दारोदार जाऊन केर घ्यावयाचा, घरवाल्यांनीं दरमहा फी द्यावयाची, आणि सुका माल विकून येणारा पैसा वेंचणारीचा. ज्या जातींवर केर लादला होता त्यांतल्याच बहुसंख्य स्त्रिया येथें त्याच्या धनीण झाल्या. वेठ आणि धनीपण यांची जी वीण वर सांगितली, ती उसवण्याचा हा प्रयत्न आहे. तो पुरा झाला असें म्हणवत नाहीं. तें काम अजून त्याच समाजांच्या हातीं आहे आणि कराराचा प्रश्न पुनःपुन्हां उभा राहातो.

लहान गांवांस पुण्याचें उदाहरण लागू पडेल काय, असें कोणी विचारील. कोंकणांतील वेंगुर्ले नगरपरिषदेनें तें काम लहान प्रमाणावर करून दाखविलें: केर घरींच निवडून घ्यावयाचा, ओल्याचा वायु व खत करावयाचें, प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरांत घालावयाचें, कांच-पत्रा विकावयाचा, पूर्वींचें केराचें मैदान लोक पाहावयास येतात. राजुरास याहून एक सोय अधिक आहे. तेथें खाणीची वसाहत व कुणब्यांचें गांव हीं लागून आहेत. एकीकडे भाजीचीं देठें, सालें पुष्कळ पण शेण व शेत नाहीं. दुसरीकडे शेण आणि शेत आहे. वसाहतीचा ओला केर गांवच्या नाडेप टांक्यांत जावा, ज्याची टांकी त्याचें खत. सुका माल बचतगटाचा, विक्रीचा पैसा त्याच बायांचा, आणि घरोघरची फी पंचायतीनें वसूल करून त्यांस द्यावी. कोळशाची राख निराळी. खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांशीं ग्रामसंस्थेचा संबंध नाहीं, त्यांस धनी आहे व कायद्यानें त्याचें नांव ठाऊक आहे. पंचायतीनें तिकडे बोट दाखवून घरच्या टोपलीकडे दुर्लक्ष करूं नये, आणि कंपनीनेंही वसाहतीची टोपली पंचायतीच्या शिवारांत उपडी करूं नये.

शेवटीं कागदाविषयीं, कारण वाचकांचा मूळ जिव्हाळ्याचा विषय तो. ज्या जुन्नरी व दौलताबादी कागदावर आपले रुमाल लिहिलेले आहेत तो कागद स्वतःच केरापासून झालेला आहे. जीर्ण गोणपाट, चिंध्या, रद्दी कागद कुजवून, कुटून, चुन्याच्या पाण्यांत धुवून कागदी लोक लगदा करीत. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून चिंध्यांच्या कातरणापासून कागद करीत आली, तीही याच परंपरेंतली. म्हणजे रद्दीचा कागद होणें आणि कागदाची रद्दी होणें हें चक्र जुनेंच आहे. लिहिलेल्या कागदाची पाठ पुन्हां वापरणें, जुन्या पानांचे थर डकवून पोथीस पुठ्ठे करणें हें प्रत्येक संग्राहकानें पाहिलें आहे. आम्हीं स्वतः एका रद्दीवाल्याच्या तराजूंतून ताजिकाच्या पोथीचीं पानें सोडविलीं आहेत. भाव किलोचाच पडला.

रद्दी हा शब्द अरबी ‘रद्द’वरून आला, आणि काय रद्द हें ठरविणारास वाचतां आलें पाहिजे, ही अडचण. राजवाड्यांनीं १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ काढलें तें याच अडचणीवर उपाय म्हणून, असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. यवतमाळास यशवंत खुशाल देशपांडे यांनीं शारदाश्रमाच्या द्वारें महानुभावीय पोथ्यांचा जो शोध केला तोही तसाच. अडगळींतल्या त्या बाडांस धनी मिळाला तो या संस्थेच्या रूपानें. बचतगटाच्या बाया कागद निवडूं लागतील तेव्हां त्यांजपाशीं मोडी, फारसी वा सकळ लिपीचें एकेक पान नमुन्यादाखल देऊन ठेवावें आणि असें अक्षर आढळल्यास रद्दीच्या दुप्पट भावानें घेण्याचें वचन द्यावें. तेवढा खर्च आमच्यासारख्या पेन्शनरांच्या वर्गणींत भागेल.

राजुरापुरतें आणखी एक काम आहे. राष्ट्रीयीकरणापूर्वीं खाजगी कंपन्या खाणी चालवीत, त्या काळचे हजेरीपट, पगारपत्रकें, मजुरांच्या गांवांचीं नांवें असलेलीं बुकें यांस आज कोणी मोडी रुमालाइतका मान देणार नाहीं. परंतु छत्तीसगडाकडून व तेलंगणाकडून या खाणींत कोण कोण आलें, काय मजुरी घेऊन राहिलें, हें दुसऱ्या कशावरूनही कळावयाचें नाहीं. त्यांपैकीं जें उरलें असेल त्याची चौकशी वणीच्या रद्दीच्या दुकानांपासूनच सुरू करावी लागेल, आणि ती दिवाळीच्या झाडलोटीच्या आधीं व्हावी.